सुधाकरचं जहाज

सुधाकर गेल्याची बातमी मला आळेफाट्यावर कळली. नाशिकच्या गाडीची वाट बघत एका हॉटेलच्या बाकावर बसलो होतो. चहा नुकताच समोर आला होता, तेवढ्यात ओतूरहून त्याच्या शेजारच्या टेलरचा फोन आला. सकाळी दुकान उघडलं नाही म्हणून दार ढकलून आत गेलो, तर मागच्या खोलीत सुधाकरभाऊ झोपेतच गेलेले होते, असं तो सांगत होता. मग म्हणाला, "तुमच्याबिगर कुनाला कळवायचं ते सुचंना, म्हणून तुमाला लावला." नाशिकची गाडी आली आणि गेली. मी रस्ता ओलांडला आणि ओतूरच्या एसटीत बसलो. सुधाकरने लग्न केलं नव्हतं. आईवडील केव्हाच गेले होते. मामाच्या मुलाला मी कळवलं, त्याने येऊन अग्नी दिला आणि तो लगेच परत गेला. माणसं फार नव्हती. परत निघताना टेलरने दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली कुणाकडे द्यायची हे न कळून ती माझ्याच हातावर ठेवली. त्याला आता सात-आठ आठवडे झाले. किल्ली अजून माझ्याकडेच आहे.

आमची ओळख नव्वदच्या दशकातली. तेव्हा मी जुन्नरहून एक चार पानी साप्ताहिक काढत असे. बाजारभाव, गावोगावच्या यात्रांतल्या कुस्त्यांचे निकाल, सत्कार, निधनवार्ता... असं सगळं त्यात असायचं. एके दिवशी उंच, किडकिडीत, दाढीचे खुंट वाढलेला एक माणूस कार्यालयात आला आणि ओतूरला व्हिडिओ लायब्ररी काढली आहे, तिची जाहिरात छापायची आहे, असं म्हणाला. जाहिरातीचा मजकूर त्याने स्वतःच लिहून आणला होता आणि तो इतका सरळ, नेटका होता की मला त्यात एक अक्षर बदलावंसं वाटलं नाही. मूळ गाव कोणतं, असं मी सहज विचारलं. त्याने घोड नदीकाठच्या एका गावाचं नाव घेतलं आणि म्हणाला, "व्हतं तिथं. आता पानी हाय." आंबेगाव तालुक्यातल्या धरणात बुडालेल्या गावांपैकी ते एक होतं. घर, वावर, विहीर, सगळं पाण्याखाली गेलं होतं. गावकऱ्यांना खाली दुसरीकडे जमिनी मिळाल्या, पण याचं तिथे मन रमलं नाही. मामाच्या आधाराने तो ओतूरला आला. त्यानंतर गावाचा विषय त्याने कित्येक वर्षं माझ्याजवळ काढला नाही आणि मीही काढला नाही.

पुढे घरोघरी केबल आली आणि व्हिडिओ लायब्ररीला उतरती कळा लागली. पुण्यातली अशीच एक लायब्ररी बंद पडली, तिथला उरलेला माल सुधाकरने उचलून आणला. त्यात एका परदेशी विज्ञान-मालिकेच्या कॅसेटी होत्या. वेष्टनं नाहीत, वर नाव नाही. नुसते पेनाने लिहिलेले आकडे, तेही दोनपासून पुढे. एक नंबरची कॅसेट त्या ढिगात नव्हतीच. नकलेवरून नक्कल काढलेली, त्यामुळे चित्रात मुंग्या, आवाज घुमणारा, आणि इंग्रजी असं की शाळेत शिकवलेल्या इंग्रजीशी त्याची गाठच पडू नये. त्या कॅसेटी कोणी भाड्याने नेईना. मग त्या तो एकटाच बघू लागला. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचा आणि एकेक प्रसंग पुन्हा मागे घेऊन बघायचा. असाच एकदा तो कार्यालयात आला आणि जरा संकोचून म्हणाला की, या मालिकेवर मला लिहायचं आहे, जागा द्याल का?

मी त्याला म्हटलं, अरे, आपल्या तालुक्यात ही मालिका कोणी बघितलेली नाही, बघायची म्हटलं तरी मिळणार नाही. मग परीक्षण वाचणार कोण? त्यावर तो म्हणाला, "बगितली न्हाई म्हणूनच वाचतील की." मी तिसऱ्या पानाचा एक कोपरा त्याला दिला. मालिकेला त्याने स्वतःच 'दूरचं जहाज' असं नाव ठेवलं.

ती परीक्षणं कशी होती, हे आज सांगणं कठीण आहे. गोष्ट थोडक्यात अशी : काही कुटुंबं एका मोठ्या अवकाशयानात बसून अंधारातून चाललेली आहेत. वाटेत निरनिराळे ग्रह लागतात, कुठे थोडे दिवस थांबतात, कुठून हाकलले जातात, आणि पुन्हा निघतात. सुधाकरच्या मते ती माणसं घरी निघाली होती. प्रत्येक परीक्षणात हा धागा असायचाच. आता घर किती लांब राहिलं असेल, मागच्या भागापेक्षा आज जवळ आल्यासारखं वाटतं, कॅप्टनच्या चेहऱ्यावर आज घरची ओढ दिसली... असं तो लिहायचा. त्याच जोडीला अभिनय, प्रकाशयोजना, पुठ्ठ्याच्या भिंती, यांवरही बोट ठेवायचा. एका भागात ग्रहावरचा डोंगर वाऱ्याने हलला, हे त्याने न चुकता नोंदवलं होतं. बोलणं कळत नसताना तू लिहितोस कसं, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला की, बोलणं ऐकायचंच नाही, तोंडं बघायची. माणूस घरी निघालाय का घरातनं निघालाय, हे त्याच्या तोंडावरून कळतं.

जुन्नरच्या बाजारपेठेत लोक मला हसून विचारायचे, काय हो संपादक, तुमचं विमान पोचलं का? सुधाकरलाही ओतूरला कोणी कोणी चिडवायचं. पण हळूहळू तेच लोक अंक हातात आल्यावर आधी तिसरं पान उघडतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. आणि मग एके दिवशी तळेघरच्या एका आश्रमशाळेच्या शैलजाबाई कार्यालयात आल्या. नगरकडच्या होत्या, नोकरीमुळे इकडे वर डोंगरात एकट्या राहत होत्या. मधला एक अंक त्यांना मिळाला नव्हता, तो मागायला वाट वाकडी करून आल्या होत्या. वसतिगृहातल्या मुलींना त्या दर आठवड्याला परीक्षण वाचून दाखवायच्या. अंक चुकला म्हणून मुली रुसल्या होत्या. हे मी सुधाकरला सांगितलं. तो म्हणाला, शेवटची कॅसेट अजून मी बघितलेली नाही, मुद्दाम ठेवली आहे. ती तळेघरलाच जाऊन सगळ्यांच्या बरोबर बघू.

एका रविवारी आम्ही जीप केली. टीव्ही गोधडीत गुंडाळला, व्हीसीआर सुधाकरने मांडीवर घेतला. घोडेगाव सोडून रस्ता धरणाच्या कडेने वर चढू लागला, तसा तो उजवीकडच्या डोंगराकडे बघत बसला. डावीकडे पाणी होतं. तिकडे त्याने मान वळवली नाही. शाळेत मुलींनी एका वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या बांधून अंधार केला होता. पुढच्या रांगेतल्या मुली इतक्या जवळ बसल्या होत्या की बाईंना त्यांना मागे सरकवावं लागलं. दोन वर्षं ज्या जहाजाबद्दल ऐकलं, ते प्रत्यक्ष दिसणार होतं. सुरुवातीला मुलींची थोडी निराशाच झाली असावी. मुंग्यांमधून दिसणारं ते जहाज त्यांनी मनात बांधलेल्या जहाजापेक्षा फारच लहान होतं. पण सुधाकर शेजारी उभा राहून सांगू लागला, हा कॅप्टन, ही त्याची मुलगी, हा आजारी पडलेला म्हातारा... आणि मुली पुन्हा पुढे सरकून बघू लागल्या.

शेवटाकडे कॅप्टन सगळ्यांना गोळा करून काही बोलतो, असा प्रसंग होता. बाईंनी तो पुन्हा लावायला सांगितला. त्या इंग्रजी घेऊन बीए झालेल्या होत्या. कान देऊन त्यांनी तो तीनदा ऐकला. मालिका संपली, मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी सुधाकरला बाहेर ओसरीवर बोलावलं. मी बरोबर होतो.

"सुधाकरभाऊ, पहिली कॅसेट तुमच्याकडे नव्हती ना?"

"न्हाई. का वो?"

"कॅप्टन आत्ता म्हणाला की, आपला सूर्य विझला, मागे आता काही राहिलेलं नाही. पुन्हा पुन्हा मागे बघू नका, समोर दिसेल तिथे उतरू." बाई जरा अडखळल्या. "ते घरी चाललेले नाहीत. त्यांना घर नाही. ते दुसरी जागा शोधतायत."

सुधाकरने ओसरीच्या खांबाला हात टेकला. त्याने एवढंच विचारलं, "पहिल्यापास्नं?"

"पहिल्यापासूनच, असं वाटतं."

मुलींना हे सांगायची काही गरज नाही, असं बाई म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं. पण तो सरळ आत गेला. मुली घोंगड्या सोडत होत्या, वर्गात ऊन येत होतं. तो फळ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "पोरींनो, मी तुमाला चुकीचं सांगितलं. त्येंचं घर न्हाई ऱ्हायलेलं. मला ते कळलं नव्हतं." मग मागे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "मग आता ते कुठं ऱ्हानार?" तीच पुढे म्हणाली, "आमच्या आजीचं बी गाव पान्यात गेलं. ती आता आमच्यात ऱ्हाती. पर गोष्टी तिथल्याच सांगती."

आम्ही जीपने परत निघालो. मार्च सरत आला होता, पाणी बरंच खाली गेलं होतं आणि काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. या वेळी त्याने मान वळवून तिकडे बघितलं आणि मान पुन्हा इकडे केली नाही. घाट उतरून पाणी दिसेनासं झालं तरी तो तसाच बसून होता.

शेवटचं परीक्षण त्याने आठवड्यानंतर आणून दिलं. ते वाचून मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, लोक हसतील, आधीच हसतात. इथे कोणाला काय कळणार आहे? "मला कळलंय ना," तो म्हणाला. मी ते छापलं. त्यात त्याने लिहिलं होतं की, गेली दोन वर्षं या जागेवर मी ही माणसं घरी निघाली आहेत असं लिहीत आलो, ते चूक होतं. माझं इंग्रजी कच्चं, हे एक कारण. दुसरं कारण असं की, मला तसंच बघायचं होतं. आणि शेवटची ओळ होती : 'मालिका चांगली आहे. शेवट आधी कळला असता, तरी मी ती पाहिली असती.'

लोक हसले. ओतूरला तर कोणीतरी त्याच्या दुकानाच्या फळीवर खडूने जहाज काढून ठेवलं. त्याने ते पुसलं नाही, पावसाने गेलं. पुढे कॅसेटींचे दिवस संपले, सीडी आल्या, मग त्याही गेल्या. दुकानात तो मोबाइलची रिचार्ज कूपनं विकू लागला. शैलजाबाईंची बदली झाली. माझं साप्ताहिकही बंद पडलं. मी कितीदा म्हटलं तरी त्याने पुन्हा काही लिहिलं नाही. त्याच्या मागच्या खोलीत गेलो की तो चहा करायचा आणि आम्ही बरेचदा न बोलता बसून राहायचो. गर्दीतही तो एकटा दिसायचा, पण त्याची तक्रार म्हणून कधी ऐकली नाही.

मात्र त्या वर्षीपासून एक गोष्ट सुरू झाली. वैशाखात पाणी अगदी तळाला गेलं की तो मला निरोप पाठवायचा. आम्ही दोघं एसटीने जायचो, रस्त्यावर उतरायचो आणि भेगाळलेल्या चिखलातून खाली चालत जायचो. तो पुढे, मी मागे. बुडालेल्या वावरांचे बांध उघडे पडलेले असायचे, मध्येच कुठे जोत्याचे दगड. एका ठिकाणी तो थांबायचा. पहिल्या वर्षी त्याने मला सगळं दाखवलं. हितं उंबरा. हितं चूल. हितं आई दळायला बसायची. नंतरच्या वर्षांत तो काही सांगायचा नाही. दगडावर बसायचा, भाकरी सोडायचा, अर्धी मला द्यायचा. ऊन कलल्यावर उठायचा आणि म्हणायचा, चला, गाडी चुकंल.

यंदा निरोप येणार नव्हता. मी आपणहून गेलो. नेहमीच्या जागी उतरलो, चिखलातून खाली गेलो... आणि तिथे उभा राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की, मला काहीच ओळखू येत नाही. इतकी वर्षं तो पुढे चालत होता, त्यामुळे वाटेतल्या खुणा मी कधी बघितल्याच नव्हत्या. सगळे बांध सारखे, सगळी जोती सारखी. भर उन्हात तासभर फिरलो. मग अंदाजाने एका दगडावर बसलो आणि डबा उघडला. ते त्याचं घर होतं की शेजाऱ्याचं, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं.