गळा मोकळा करायचं औषध

चौदा एप्रिलच्या जयंतीला शेजारच्या गावाची गायनपार्टी आमच्या बोरीत यायची आणि आमच्या पार्टीशी तिचा सामना व्हायचा. आमच्याकडचे मुख्य गायक म्हणजे आमचे हे. कर्णा बंद पडला तरी त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. गावात आवाज त्यांचा आणि घरात माझा, अशी आमची सरळ वाटणी होती.

घोटभर दारू घेतल्याशिवाय गळा मोकळा होत नाही, असं साऱ्या पार्टीचंच मत होतं. पुढं गाणं असो नसो, संध्याकाळचा घोट ठरलेला. मी चिडायचे आणि हे हसून वेळ मारून न्यायचे.

दुष्काळ नुकताच सरला होता. फाल्गुनात गावात फ्लूची साथ आली. मी, हे आणि सासूबाई, तिघंही एकदमच आडवे झालो. सासूबाईंचं वय झालेलं, तरी त्या आधी उठून चुलीपाशी बसल्या. मग मी शाळेत जायला लागले. हे मात्र खाटेवरच. ताप उतरला, पण खोकला छातीत घर करून बसला आणि आवाज पार बसला. पार्टीतली मंडळी बघायला यायची, ती मिरपूड घातलेली गरम दारू घेऊनच. सर्दीवर जालीम इलाज म्हणे. हे तो इलाज मन लावून करायचे.

एकच ताप, एकच घर, एकच भाकरी, मग तुम्हीच का उठत नाही, असं मी विचारलं. त्यावर म्हणाले, “तुझं अंग येगळं, माझं येगळं.”

मी त्यांना एसटीत घालून जिंतूरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि रोज घेता का, एवढंच विचारलं. मग समजावून सांगितलं की, या तापाशी अंगालाच लढावं लागतं आणि रोजची दारू अंगाची तीच ताकद कमी करते. कफ लवकर सुटत नाही, झोप नीट लागत नाही. दारूनं ऊब आल्यासारखं वाटतं, पण आजार त्यानं हटत नाही. कोमट पाणी, जेवण, विश्रांती, आणि घोट बंद. यांनी मान डोलावली आणि घरी आल्यावर बाटली काढली.

माझं डोकंच फिरलं. मी पार्टीला निरोप धाडला, यंदा जयंतीला मी गाणार. गाणी मला सगळी पाठ होती. दुसऱ्या दिवशी आमच्याच ओसरीवर पार्टीला पेटी आणि ढोलकी घेऊन बसवलं आणि मी सुरू केलं. माझा आवाज वर्गात पाढे म्हणवून घ्यायचा, तो गाण्याला कसला पुरतोय. आत दाराशी खाटेवर हे कण्हत ऐकत होते. शेवटी राहवलं नाही तेव्हा चाल दाखवायला उठले, पहिली ओळ धरली आणि खोकत खाटेवर बसले. पेटी थांबली. कुणी त्यांच्याकडे बघेना. त्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

“ती बाटली उचल इथून,” ते म्हणाले. “गाणं मीच म्हननार हाय.”

पहिले काही दिवस लय अवघड गेले. चिडायचे, रात्री तळमळायचे, मंडळी आली की तोंड फिरवून बसायचे. मग झोप लागू लागली, भूक लागली. खोकला हळूहळू ओसरला. मी वरून तोंड पाडून आणि आतून नाचत गाणं सोडून दिलं.

जयंतीच्या संध्याकाळी दोन्ही गावं मंडपात जमली. सुरुवातीला पंचशील. हे सांगत होते आणि सगळे मागून म्हणत होते. चार शीलं झाली. पाचवं, नशा न करण्याचं. दरवर्षी हे तिथं आले की घाईघाईनं पुटपुटून पुढं जायचे. त्या दिवशी त्यांनी ते सावकाश, शब्द न् शब्द मोकळा करत, मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असं म्हटलं. मागून म्हणणाऱ्यांत आमची पार्टीच तेवढी अडखळली. मी पुढच्या रांगेत बसून रडत होते, आणि माझ्याइतक्या मोठ्यानं ते शील त्या मंडपात दुसऱ्या कुणी म्हटलं नसेल.