अर्ध्या दाराखालचे पाय

माझ्या कथांमध्ये झुलती दारं फार येतात, असं बायको म्हणते. कधी हॉटेलातल्या फॅमिली रूमचं, कधी दवाखान्याचं. खरं आहे. मुळात माझा स्वभाव संशयी, आणि संशयी माणसाला त्या अर्ध्या दाराइतकं सोयीचं दुसरं काही नाही. वर डोकं दिसतं, खाली पाय दिसतात, मधली छाती तेवढी झाकलेली. उरलेलं आपण मनाने भरायचं. मी लिहिताना तेच केलं आणि संसारातही.

श्रावणापासून मला खोकला होता. पंचवटीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो काढायला लावले, तपासण्या केल्या आणि "जुनाट खोकला आहे, गोळ्या घ्या" म्हणून घरी पाठवलं. संशय यायचा तर डॉक्टरांचा यायला हवा होता. मला आला बायकोचा. दर मंगळवारी ती "गंगेवर भजनाला जाते" म्हणून बाहेर पडायची आणि येताना गप्प असायची. भजनाहून आलेली बाई एखादी तरी ओळ गुणगुणतेच की नाही?

नवरात्र संपल्यावर एका मंगळवारी माझ्या गोळ्या संपल्या, म्हणून दवाखान्यात गेलो. केबिनबाहेर चपला काढायची तिथली पद्धत, अगदी देवळासारखी. तिथे बायकोची चप्पल होती. पट्ट्याला चांभाराने घातलेला निळा टाका मी कुठेही ओळखला असता. झुलत्या दाराखाली तिच्या भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या. एक पाऊल दुसऱ्यावर दाबून बसली होती. घाबरली की ती अशीच बसते.

"बसा काका, आत पेशंट हाय," कंपाउंडर म्हणाला.

पेशंट! मनातल्या मनात मी तिला एकेक आजार लावून पाहिला. मग राग आला. इतक्या वर्षांच्या संसारात हिने मला एवढंही सांगू नये? तरातरा उठलो आणि दाराला हात घातला.

"वहिनी, त्यांच्या छातीत बरंच पसरलंय," आतून डॉक्टर म्हणाले. "आता त्यांना सांगायला हवं."

"दिवाळी होऊ द्या ना. हे कथा लिहिणारे, अर्ध्या शब्दावरून ओळखतील."

माझा हात दारावर तसाच राहिला. पेशंट सोडून बाकी घराला सांगायचं, ही आपल्याकडची रीत मला काय ठाऊक नव्हती? त्यावर मी दोन कथा पाडल्या आहेत. पण तो पेशंट मी असेन, हे काही सुचलं नाही. खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडात कोंबून मी कसाबसा रस्त्यावर आलो. भीती वाटत होती, आणि तिची दयाही येत होती.

ती घरी आली तेव्हा मी पेपर वाचत बसलो होतो.

"काय म्हणतंय भजन?"

"छान झालं," ती म्हणाली आणि तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. "प्रसाद." पेढ्याला कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचा कागद तसाच होता. मी पेढा कपाळाला लावला.

"मलाही ने एकदा."

"नेते ना," ती आत जाता जाता म्हणाली. "दिवाळी झाली की."