दोन धक्क्यांमधला वेळ

या पृथ्वीवर जे जे हलतं त्याची चौकशी करण्याचा अधिकार फक्त आपल्याला दिलेला आहे, अशी ठाम समजूत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. आम्ही त्यांना काका म्हणतो. आता ते नांदेडच्या एका गल्लीत राहतात. निवृत्त होईपर्यंत त्यांनी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या शाळांत विज्ञान शिकवलं. शिकवलं म्हणजे लहरी शिकवल्या. उष्णता, चुंबक, अन्नपचन हे धडे पुस्तक जाड दिसावं म्हणून घातलेले असतात, ते पोरांनी घरी वाचून घ्यावेत, असं त्यांचं मत होतं. जळकोटकडच्या एका शाळेत तर सहामाही परीक्षेला सगळा वर्ग लहरींच्या प्रश्नांत पैकीच्या पैकी आणि बाकी सगळ्यांत कोरा, असा निकाल लागला होता. मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला, तेव्हा काकांनी लेखी उत्तर दिलं, "जे शिकवलं ते आलेलं आहे."

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांच्याकडे राहिलो, त्यामुळे मी जे भोगलं ते शाळेतल्या पोरांनी भोगलेलं नाही. मावशी अंगणात साडी वाळत घालायला लागली की काका दोरीचं एक टोक सोडवून हातात घ्यायचे आणि झटका मारायचे. "बघ. हा उंचवटा, हा खळगा. दोरी हलली खालीवर, लहर गेली आडवी. ह्याला म्हणायचं अवतरंग. उंचवटा किती उंच, तो आयाम. दोन उंचवट्यांमधलं अंतर, ती तरंगलांबी." तोपर्यंत साडी मातीत. "आणि ह्या साडीला काय म्हणायचं?" मावशी विचारायची. काका साडी उचलून निमूटपणे परत धुऊन आणायचे.

एकदा आम्ही तिघं माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो. रांग मोठी होती. मागून कोणीतरी ढकललं तसा काकांचा चेहरा उजळला. "पाहिलंस? त्यानं ढकललं मला, मी तुला, तू पुढच्याला. माणूस ज्याच्या त्याच्या जागेवर हाय, आणि धक्का चालला गाभाऱ्यात! हा अनुतरंग. लहर माल नेत न्हाई, नुसती ताकद नेती." आणि मला नीट समजावं म्हणून त्यांनी तोच धक्का स्वतःच्या हाताने पुन्हा दिला, जरा जोरात. माझ्या पुढे हदगावकडचे एक कापूसवाले शेतकरी उभे होते. ते मागे वळून म्हणाले, "काहून ढकलून राहिले, मास्तर? ताकद माझ्याकडं बी हाय." नंतर पायऱ्यांवर बसून प्रसाद खाताना काका मला म्हणाले, "माध्यम बोलायला लागलं की प्रयोग बिघडतो."

दोन लहरी समोरासमोर आल्या तर एखाद्या जागी त्या एकमेकींना पार मिटवून टाकतात, हे त्यांनी मला पुस्तकातून शिकवलं असतं तर चाललं असतं. पण चौकात दोन मिरवणुका दोन डीजे घेऊन समोरासमोर थांबल्या आणि काका त्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. अर्धं पाऊल डावीकडे, अर्धं पाऊल उजवीकडे, असा त्यांचा शोध तासभर चालला होता, आणि लोकांना वाटलं मास्तर नाचून राहिले. शेवटी ते समाधानाने घरी आले. "जागा सापडली. एकदम शांत," असं म्हणाले. त्यानंतर दोन दिवस त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

पण हे सगळं किरकोळ. काकांचं खरं काम भूकंपाचं. जमिनीच्या पोटातून दोन लहरी निघतात, हे त्यांनी मला जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा माझ्या आईनेही मला जेव म्हटलं नसेल. पहिली लहर अनुतरंग. ती वेगाने येते, नुसतं ढकलते, भांडी वाजवते. दुसरी अवतरंग. ती सावकाश येते, पण जमीन आडवीतिडवी हलवते आणि घरं पाडते. "पहिली काही करत न्हाई. ती सांगायला येती," काका म्हणायचे. दोन्ही निघतात एकदम, पण एक जोरात पळते, एक हळू, म्हणून जितक्या दुरून याव्यात तितकं त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. मधे एक सेकंद गेला तर भूकंप साधारण आठ किलोमीटरवर, असा काकांचा हिशेब. दोन धक्क्यांमधला हा वेळ माणसाच्या हातात असतो. तेवढ्यात बाहेर पडायचं.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते मावशीने मला एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काकांची नोकरी लातूरच्या दक्षिणेकडच्या एका गावात, भाड्याचं दगडमातीचं घर. पहाटे भूकंप झाला. पहिल्या धक्क्याला काका उठले आणि थेट बाहेर पळाले. एकटे. दुसऱ्या धक्क्याला मागची भिंत खाली आली. मावशी त्यानंतर बाहेर आली, आपल्या पायांनी, केसांत माती आणि उजवा गुडघा फुटलेला. "हे पुढं निघाले, मी मागून आले," मावशी म्हणाली, एस.टी. चुकल्याचं सांगावं तसं. आणि वर म्हणाली, "त्यांच्यापुढं काढू नको हं." ती स्वतः ही गोष्ट कधी काढत नसे, आणि काका ती कधी विसरत नसत. तीस वर्षांच्या संसारात या एका गोष्टीवर दोघं एक शब्द बोलले नव्हते. पुढच्या वेळी ही आपल्या आधी बाहेर पाहिजे, एवढ्यासाठीच काकांचं सगळं विज्ञान चाललेलं होतं, हे कळल्यावर मला त्यांचा कंटाळा करणं जमेनासं झालं. खरं तर वाईट वाटलं. पण त्यांचे प्रयोग काही सुसह्य झाले नाहीत.

दर रविवारी पोहे झाले की सराव असे. काका गेटमध्ये उभे राहून शिट्टी फुंकत, मावशी स्वयंपाकघरातून निघे, आणि काका घड्याळ बघत. त्या गुडघ्याने तिला सव्वीस सेकंद लागत. "सव्वीस गुणिले आठ," काका हताशपणे म्हणत. "म्हणजे भूकंप निदान दोनशे आठ किलोमीटरवर व्हायला पाहिजे."

"मग तसं कळवून टाका त्याला," मावशी म्हणे.

भूकंप ऐकत नाही म्हटल्यावर काकांनी घर बदललं. आधी सगळे उंबरे काढले. मग गॅसची शेगडी बैठकीत आणली. त्यामुळे पाहुणा दारातून आत पाऊल टाकायचा तो थेट फोडणीत. शेजारच्या सोयरिकीची चौकशी करायला आलेले लोक ठसकत ठसकत बाहेर पडताना मी पाहिलेले आहेत. पलंग दाराला इतका चिकटवला की दार अर्धंच उघडे. मावशीला अकरा सेकंद लागायला लागले, म्हणजे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. आता राहिलं मागचं देवघर. काका म्हणाले, देव पुढच्या व्हरांड्यात आणू. मावशीने मात्र तिथे पाय रोवले. "देवाला पळायची सवय न्हाई," ती म्हणाली. देवघर मागेच राहिलं.

गल्लीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. समोर वेल्डिंगवाले चाचा राहतात, त्यांच्या घराण्याचं दुकान निजामाच्या काळापासून याच गल्लीत आहे. ते काकांचे पहिले शिष्य. काकांचा नियम एकच होता. पहिला धक्का बसला की बाहेर, आणि बाहेर आलेल्याने काहीही झालं तरी आत जायचं नाही. एका दुपारी जमीन थरथरली, पहिल्या लहरीला वाजावी म्हणून काकांनी चौरंगावर मांडून ठेवलेली स्टीलच्या डब्यांची उतरंड वाजली, काकांनी शिट्टी फुंकली आणि पाऊण मिनिटात गल्लीतली घरं रिकामी झाली. चाचा अर्ध्या दाढीला साबण लावून उभे. पंधरा मिनिटं झाली तरी दुसरा धक्का येईना. काकांनी गुणाकार केला आणि भूकंप पार सात हजार किलोमीटरवर, परदेशात कुठंतरी झाल्याचं जाहीर केलं. मग मागच्या गल्लीतून एक बाई सांगत आल्या की त्यांच्याकडे बोअर पाडून राहिलेत, दोनशे फुटांवर पाणी लागलं. चाचा म्हणाले, "मास्तर, आपली कवायत तर पक्की झाली ना? मग आता भूकंपासाठी खोळंबायचं कशाला?" आणि दाढी पूर्ण करायला घरी गेले.

गेल्या पावसाळ्यात मी काही कामानिमित्त लातूरहून त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळची वेळ होती. काका गेटबाहेर पेपर वाचत उभे, मी बाजूला चहा घेऊन. मावशी मागे देवघरात पूजेला बसली होती. एकदम पायाखाली कोणीतरी खालून ठोसा मारल्यासारखं झालं आणि घरातली उतरंड खणखणली. शिट्टीची गरजच पडली नाही. दारं उघडली, माणसं भराभर बाहेर आली. चाचा तर दोन नातवंडं काखेत मारून सगळ्यांच्या आधी. तीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता, काका गेटबाहेर मोकळ्या जागेत होते, घड्याळ मनगटावर होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर तिथे नुसता पेपर पडलेला होता. काका आत पळाले होते.

"मास्तर! आत न्हाई! आत न्हाई जायचं!" चाचा ओरडले. तेवढ्यात दुसरा धक्का आला. खिडक्या खडखडल्या, विजेच्या तारा हेलकावे खायला लागल्या, समोरच्या गच्चीवरची टाकी डुचमळली. मी चहाचा कप धरून जागेवरच उभा राहिलो, हे मी कबूल करतो. मग सगळं थांबलं. कुठे काही पडलं नव्हतं, कुणाला काही झालं नव्हतं. एवढंच की मला आत जायची भीती वाटत होती.

आत गेलो तर देवघरात मावशी तिच्या बुटक्या स्टुलावर बसलेली, आणि काका तिच्या डोक्यावर स्वतःला आडवं धरून, दोन्ही हात भिंतीला टेकवून ओणवे उभे. भिंत जागेवरच होती, पण ते सोडायला तयार नव्हते.

"चपला घालून देवघरात आले," मावशी मला म्हणाली. "काढायला सांग."

काकांनी चपला काढल्या आणि तिथेच फरशीवर बसले. मी विचारलं, "काका, किती सेकंद आले?"

"मोजले न्हाईत," काका म्हणाले. मग मावशीकडे वळून हळूच म्हणाले, "त्या वेळी मी तुला..."

"हाव. माहीत हाय मला," मावशी म्हणाली. "दाराकडून तुम्ही झोपले होते, भिंतीकडून मी. दाराकडचा आधी बाहेर गेला. त्यात काय एवढं?"

"मग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं कवा? जवा बघावं तवा लहरी."

काका हसायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. मावशीने निरांजन सरळ केलं आणि राहिलेली पूजा सुरू केली. मी बाहेर आलो. माझेही डोळे भरले होते. चाचांनी विचारलं, "दुसरा येऊन गेला ना मास्तरचा?" मी म्हटलं, "गेला."

त्यानंतर रविवारचा सराव बंद झाला. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं होतं, मलाही होतं. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा काका सकाळी देवघराच्या दाराशी बसलेले होते. ते देव मानत नाहीत, पूजा करत नाहीत, नुसते बसतात. पूजा आटोपली की मावशी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उठते. तिला उठायला आता फार वेळ लागतो. लागेल तेवढा वेळ काका खांदा हलू देत नाहीत.