पांझरेच्या खड्यांनी तोडलेलं सूत

वाहत्या पाण्याकडे माझ्या वहिनीच्या थोरल्या भावाइतक्या संशयानं पाहणारा माणूस साऱ्या खान्देशात दुसरा झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. विलायतेत गणितातली डॉक्टरकी मिळवलेला हा गृहस्थ मुंबईची नोकरी झिडकारून धुळ्याच्या हायस्कुलात त्रैराशिक शिकवत होता आणि उरलेल्या वेळात पाणी कसं वाहतं याचा पिच्छा पुरवत होता. लग्नाच्या पंगतीत वांग्याच्या रश्शावरचा तेलाचा तवंग द्रोण फिरवला की कुठे सरकतो ते बघत बसायचे, वाढपी तिसऱ्यांदा येऊन खेकसला, की म्हणायचे, "थांब रे, आत्ता कुठे वळतंय!" नावामागे डॉक्टर, म्हणून साक्रीकडचा एक म्हातारा सुजलेला गुडघा घेऊन आला. नाना म्हणाले, "बाबा, माझा सगळा उद्योग पाण्याचा." म्हाताऱ्यानं घरी जाऊन गुडघा गरम पाण्यानं शेकला, त्याला उतार पडला, आणि पुढे कितीतरी दिवस नानांकडे भरताची वांगी येत राहिली.

मी तेव्हा पत्रकं काढी. सरकार, सावकार, म्युनिसिपालिटी, कुणालाही सोडत नसे. नानांच्या अंगणात एका बाजूला काच बसवलेली लाकडी डोणी होती. तीतून पाणी सोडून नाना तोंडाशी निळीची बारीक धार धरत. पाणी संथ असलं की ती निळी रेघ सरळ जाई. त्याला ते सूत म्हणत. वेग वाढला की सूत थरथरे, तुटे, सगळं पाणी निळं होई. मला आणखी काय पाहिजे! दुसऱ्याच दिवशी पत्रक: 'वेग वाढला की शांत पाणीही बिथरतं! सरकार, सावध!' नाना लाल पेन्सिल घेऊन थेट छापखान्यात. "वेग किती? खोली किती? पाणी की तेल? अरे गाढवा, सरकारला घाबरवायचं तर खरं सांगून घाबरव!"

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. पीएच.डी. खान्देशात झाली पाहिजे! "आपला कापूस बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो," ते टेबलावर मूठ आपटून म्हणत, "पोरांचंही तेच करायचं का? संशोधन शिकवायला समुद्र लागत नाही, शंका लागते!" अशी शंकेखोर विद्यार्थिनी त्यांना मिळालीही. पारोळ्याच्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याची मुलगी, शांता. गणितात एम. ए., मुलींच्या शाळेत शिक्षिका. बाप म्हणे, धुळ्यात काय शिकायचं ते शिक, मुंबईचं नाव काढू नको. म्हणजे नानांना मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली तरच शांताची पीएच.डी. होणार, नाहीतर नाही. नानांनी मुंबई विद्यापीठाकडे अर्जावर अर्ज केले. हायस्कुलातला मास्तर आणि पीएच.डी.! मुंबईचे विद्वान हसले असणार. मी तर तसं छापलंच. शेवटी दोन गृहस्थ पाहणीला आले.

अंगणात खुर्च्या मांडल्या. शांताचे वडील, आबा, फेटा सावरत एका कडेला बसले. नानांनी आपलं सूत्र समजावलं, विलायतेच्या मासिकात छापून आलेलं: अमुक वेगाखाली सूत तुटायचं नाही, मग तळ गुळगुळीत असो की खडबडीत. पाणी सोडलं. निळी रेघ आखल्यासारखी सरळ. पाहुणे माना डोलावू लागले, आणि शांता म्हणाली, "सर, तळाशी पांझरा नदीतले खडे पसरून बघू?"

"पसर की! काही होत नाही!"

तिनं ओंजळभर खडे पसरले. वेग तोच. निळी रेघ खड्यांपर्यंत आली, थरथरली आणि तुटली.

नाना डोणीवर वाकले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि मग हा पन्नाशीचा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, चक्क नाचला! "चुकलो! अहो, मी चुकलो! बघितलंत का? हिनं पकडलं!"

"पोरनी मास्तरनी चूक काढी, अन् मास्तर नाचस!" आबा अहिराणीत मला म्हणाले. "येडा शे का हाऊ मानूस?"

थोरले पाहुणे घसा खाकरून म्हणाले, "मार्गदर्शकाचंच सूत्र चुकीचं असेल, तर मान्यता कशी द्यावी?"

"चूक दाखवणारा विद्यार्थी इथं तयार झाला," नाना ओरडले, "आणखी कसली परीक्षा घेता?"

निकाल लागला तो असा: मुलगी हुशार, तिला घेऊ, पण मुंबईत, दुसऱ्या प्राध्यापकांच्या हाताखाली. नानांना मान्यता नाही. मी उठून वाटेल ते बोललो. नानांनी मला खाली बसवलं आणि आबांकडे वळून विनवलं, "पाठवा तिला." आबा डोणीतलं निळं पाणी बघत होते.

"ज्या मास्तरले पोरनं जिंकनं गोड लागस, त्याना सबद मी मोडाव नही," ते म्हणाले. "धाडसू तिले."

त्या संध्याकाळी मी 'खान्देशचा अपमान' असं झणझणीत पत्रक लिहून नानांपुढे टाकलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. "नको छापूस. तिला त्यांच्यातच राहायचंय."

शांताला सोडायला आम्ही धुळे स्टेशनवर गेलो. चाळीसगावची गाडी सुटायला आली तरी नाना खिडकीला धरून खडे किती जाड घ्यायचे ते सांगत होते. तिनं डोळे पुसत विचारलं, "सर, प्रबंधात तुमचं नाव कुठं घालू?"

"चुकीपाशी," नाना म्हणाले. "मोघम लिहू नकोस. सूत्र कुणाचं, चुकलं कुठं, सगळं नावानिशी लिही."

गाडी हलली. नाना फलाटाच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेले, मग तिथेच उभे राहिले.