थेल्माच्या रेडिओवरचे थेंब

थेल्मा हॉस्किन जन्मापासून आंधळी आहे, हे मूंटा गावातल्या आमच्या गल्लीत पोरासोरांनाही ठाऊक. रोज संध्याकाळी हौशी लोकांच्या दुतर्फा बोलायच्या रेडिओवरून तिच्याशी गप्पा मारणाऱ्या दूरदूरच्या मित्रांना मात्र तीस वर्षांत पत्ता नव्हता. तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

तिचा जुना सेट तापला की बोलता बोलता लावलेली जागा सरकायची आणि समोरच्याचा आवाज हरवायचा. मित्रांनी ठरवलं, वाढदिवसाला तो सुधारून द्यायचा. शेजारीण म्हणून मीच तो बसने त्यांच्याकडे पाठवला. शनिवारी त्यांच्यातला लिंडसे सेट घेऊन आला आणि स्वतःच्याच कौतुकात बोलत सुटला.

"आता आवाज शोधायला ती चकती फिरवायला नको. बटण दाबायचं आणि हिरवे आकडे बघायचे. चकतीभोवती नेलपॉलिशचे थेंब वाळले होते, तेही खरवडून टाकले."

थेल्माने बोटं फिरवली. सगळं गुळगुळीत होतं.

"त्या थेंबांवर बोट ठेवून मी तुम्हाला शोधायचे, गाढवा. आकडे काय तुझा बाप येऊन वाचणार?"

लिंडसेने तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. मग तो वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा मोठमोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "थेल्मा. मी. जुनी चकती. परत बसवतो. समजलं?"

हातातला चहा त्याच्या डोक्यावर ओतावा असं मला वाटलं.

थेल्मा मात्र आवाज न चढवता म्हणाली, "तीस वर्षं माझ्याशी माणसासारखा बोललास. म्हणूनच सांगितलं नव्हतं."