राखेपुढची खूण

मंगळवार, २१ एप्रिल. झरी जामणी तालुक्यातल्या एका गावची नवी पाणीटाकी. भरून पाहण्याची चाचणी. हजर: सरपंचबाई, ठेकेदार आणि देखरेखीची अभियंता म्हणून मी. गैरहजर: राखमामा, आणि काल टाकीत भरलेले पाणी.

राखमामा हे म्हातारे गवंडी. शर्टाच्या खिशात औषधाच्या बाटलीत वीजकेंद्राची बारीक राख घेऊन फिरत. कुठेही गेले की आधी भिंतीचे तडे मोजत, मग चहा घेत. "सिमेंट वाळलं का ठेकेदारावानी आंग चोरते," म्हणत. "थोडं सिमेंट कमी करून हे राख घाला, पाणी कमी टाका, महिनाभर भिजवत ठेवा. मंग तडकत नाही." हे पुस्तकातही आहे, पण धोतरातला माणूस सांगतो म्हणून आम्ही शिकलेले हसत राहिलो.

"मामा, टाकीले अंगारा लावून राह्यले का?" ठेकेदाराने एकदा विचारले.

"टाकीले कायले? तुह्या अकलेले लावतो. पण जागा तं सापडू दे!"

या टाकीच्या वेळी मी मामांचे ऐकले. म्हणजे कागदावर. माझ्या यादीत तिसरी ओळ होती: राख. ठेकेदाराचा फोन आला, "मॅडम, राख आली." मी कार्यालयात बसूनच ओळीपुढे खूण केली.

ओतकामाच्या दिवशी मामांनी ती राख चिमटीत चोळली. "हे तं वीटभट्टीची हाये. भांडे घासाले न्या. मॅडम, तुमी पाह्यली होती का?"

"यादीत खूण केली होती."

"मंग खुणेनंच बांधा टाकी."

ठेकेदाराला राख म्हणजे राख. त्याने ती फेकली आणि ऐटीत म्हणाला, "सिमेंटच जास्त टाकतो. पक्की होईन!" मालात पाणीही सढळ हाताने ओतले. जितके सिमेंट आणि पाणी जास्त, तितके ते वाळताना आक्रसून तडकणार, हे मला ठाऊक होते. काम थांबवायचा अधिकार माझा होता. मी घड्याळ पाहिले आणि होऊ दिले.

तीन दिवसांनी ठेकेदाराची माणसे गेली. मामा मात्र रोज येऊन भिंतींवरची गोणपाटे भिजवत. "मेलेल्याच्या तोंडात पाणी घालून राह्यलो, मॅडम," एवढेच म्हणाले. होळीच्या आधी तेच गेले. बाटली मामींनी माझ्याकडे पाठवली.

आज टाकीच्या भिंतींवर ओल्या रेघांचे जाळे होते. ठेकेदार म्हणाला, "केसावानी बारीक हायेत, मॅडम. वरून सिमेंट फासून देतो."

"केसातून अख्खी टाकी रिकामी झाली काय रे?" सरपंचबाई म्हणाल्या. "आमच्या बाया अजून हापशीवर उभ्या हायेत. कुणाले दाखवू हे तुही पक्की टाकी?"

मी नवी यादी केली. टाकीला आतून राखमिश्रित नवा थर द्यायचा आहे. पहिली ओळ: राख, वीजकेंद्राचीच, स्वतः जाऊन, मामांच्या बाटलीतल्या राखेशी चिमटीत ताडून पाहणे.

खूण अजून केलेली नाही.