आईसाठी आणलेले मुठे

आमचा ठाकरांचा पाडा रोह्याच्या वरच्या डोंगरात. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी धाटावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे झाडलोटीला जायचे आणि रविवारी डोंगर चढून आईकडे यायचे. त्या पावसाळ्यात ती खोकून खोकून अर्धी झाली होती. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण पोटात अन्न ठरेना. आमच्यात अशा माणसाला ओढ्यातल्या काळ्या मुठ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस देतात. मुठे ठेचायचे, फडक्यातून गाळायचे, मीठ-लसूण घालून कढवायचे. मी आधी बाजारातून खाडीच्या चिंबोऱ्या नेल्या, तर म्हणाली, "ह्या तूच खा. औषध डोंगरातलंच लागतं."

आजारी बाईचा हट्ट! मी चिडले, पण गेले ओढ्यावर. दगड उलथून उलथून बोटं सोलली, तेव्हा कुठे एक मुठा हाती लागला, आणि तीही मादी निघाली. आईने अंथरुणातूनच तिला हातात घेऊन पोटाखालचं झाकण उघडलं. आत बारीक पिल्लं वळवळत होती.

"सोडून ये गो हिला. पिल्लांवाली घ्यायची नाय, ठाऊक नाय तुला?"

ठाऊक होतं. लहानपणी त्यावरूनच तिच्या हातचा मार खाल्ला होता. पण सकाळी माझी शिफ्ट होती आणि माझी आई चार दिवस उपाशी होती.

"तिच्या लेकरांचं बघतेस, आन् तुझ्या लेकराचं कोण बघणार?" मी फाडकन बोलले. तिने ती मादी माझ्या हातात परत ठेवली.

मी बाहेर पडले. ओढ्यावर जाऊन येण्याइतका वेळ घरामागे पागोळ्यांखाली उभी राहिले. मग शेजारच्या वहिनीच्या पाट्यावर ती मादी पिल्लांसकट ठेचली.

"सोडलीस?" वाटी पुढे केल्यावर आईने विचारलं.

"व्हय. हे वहिनीकडचे हायत."

"पिल्लं पाण्यात गेली?"

"गेली."

आई सगळी वाटी प्यायली आणि ते पोटात ठरलं. मला फार हायसं वाटलं. तोंड पुसून तिने माझ्या केसांवरून हात फिरवला.

"बरं झालं गो. मला वाटायचं, कंपनीत जाऊन तू आपलं सगळं इसरलीस."

पंधरा दिवसांत ती गेली. आईची सेवा केलीस, असं पाड्यावरचे सगळे म्हणतात, आणि मला ते ऐकवत नाही. माझ्याविषयी एक चांगली गोष्ट मनात धरून आई मेली, आणि ती गोष्ट खोटी होती.